चिंदोगू

चिंदोगू : रोजच्या जगण्यातली एखादी बारीकशी अडचण खरोखर दूर करणारी, पण वापरायला घेतली तर त्याहून मोठी पंचाईत करून ठेवणारी वस्तू, तसेच अशा वस्तू घडवण्याची जपानी कला. ‘चिन’ म्हणजे दुर्मीळ, विचित्र आणि ‘दोगु’ म्हणजे साधन, अवजार. मराठी कानाला त्यात ‘चिंधी’ ऐकू येते, तो निव्वळ योगायोग.

या शब्दाला आजचा अर्थ दिला केन्जी कावाकामी (जन्म १९४६) यांनी. विमान अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडलेला आणि साठच्या दशकातल्या विद्यार्थी चळवळीत वावरलेला हा गृहस्थ १९८०च्या दशकात घरबसल्या टपालाने वस्तू मागवण्याच्या एका मासिकाचा संपादक होता. अंकाची काही पाने रिकामी उरली, तेव्हा त्याने स्वतःच दोन-तीन अचाट वस्तू बनवून त्यांची छायाचित्रे छापली. अर्थात, त्या विकत मिळणार नव्हत्या. त्यांतली एक होती फक्त सूर्यप्रकाशावर चालणारी विजेरी. दुसरी होती डोळ्यांत औषध घालण्याचा चष्मा. त्याच्या दोन्ही काचांत एकेक छोटे नरसाळे बसवलेले होते. चष्मा चढवायचा, मान मागे टाकायची आणि नरसाळ्यात थेंब सोडायचा. तो गालावर न ओघळता नेमका डोळ्यात पडतो. तक्रारीला जागाच नाही! फक्त असा चष्मा बाळगणारा माणूस कुठून आणायचा, एवढाच प्रश्न उरतो.

वाचकांना हे भलतेच आवडले आणि त्या पानांची वाट पाहिली जाऊ लागली. पुढे डॅन पापिया या अमेरिकी पत्रकाराने चिंदोगूची इंग्रजी वाचकांशी ओळख करून दिली आणि १९९५मध्ये १०१ वस्तूंचे सचित्र इंग्रजी पुस्तक निघाले. त्याच्या नावातच या वस्तूंना ‘अ-निरुपयोगी’ अशा अर्थाचे विशेषण लावले होते. त्यांना उपयोगी म्हणवत नाही आणि निरुपयोगी म्हणावे, तर त्या काम करून दाखवतात.

चिंदोगूचे दहा नियम आहेत. पहिला नियम सांगतो की वस्तू प्रत्यक्ष वापरासाठी असू नये. दुसरा सांगतो की ती प्रत्यक्षात अस्तित्वात असली पाहिजे. सगळी गंमत या दोहोंच्या ओढाताणीत आहे. कागदावर चित्र काढून भागत नाही. वस्तू हातात धरता आली पाहिजे आणि ती चालली पाहिजे. डोंगर पोखरून उंदीर काढावा, पण उंदीर निघालाच पाहिजे, अशी ही अट. नुसती विनोदासाठी केलेली वस्तू सहाव्या नियमाने बाद होते, कारण हसू हा अडचण सोडवण्याच्या प्रयत्नातून आपोआप निघणारा माल आहे. अश्लील किंवा कुणाची हेटाळणी करणारी वस्तू चालत नाही. प्रचाराला बंदी आहे. विक्रीला आणि पेटंट घ्यायलाही बंदी आहे. माझ्या मते या शेवटच्या दोन अटी कावाकामींच्या जुन्या चळवळीचे उरलेले निखारे आहेत. प्रत्येक क्षुल्लक गैरसोयीवर एक नवी वस्तू विकत घ्यायला लावणाऱ्या बाजाराची टिंगल त्याच बाजाराच्या मासिकात बसून करायची, आणि स्वतः मात्र काहीच विकायचे नाही!

गाजलेल्या नमुन्यांत चॉपस्टिकवर बसवलेला चिमुकला पंखा आहे. तो घास तोंडाशी नेईपर्यंत गरम नूडल्स निववतो. (हीच अडचण आपल्याकडे चहाच्या बाबतीत बशीने कधीच सोडवली आहे.) सर्दीने बेजार झालेल्यांसाठी टॉयलेट पेपरचे अख्खे रीळ डोक्यावर बांधायची टोपी आहे. आगगाडीत झोप लागणाऱ्यासाठी मागच्या काचेला चिकटून राहणारे शिरस्त्राण आहे, म्हणजे मान शेजाऱ्याच्या खांद्यावर पडत नाही. मांजराच्या चारही पायांत घालायचे, तळाला झालर लावलेले जोडे आहेत. मांजर फिरेल तसतशी फरशी पुसली जाते. रांगत्या बाळाच्या अंगरख्यालाही अशाच झालरी लावलेल्या आहेत. या दोन वस्तूंकडे बघताना हसू येते आणि पाठोपाठ किंचित अपराधीही वाटते, कारण घरात बिनकामाचे असे हे दोघेच उरले होते.

चिंदोगूची जुगाडाशी गल्लत केली जाते, पण दोन्ही एकमेकांच्या उलट टोकाला आहेत. जुगाड नडीपोटी जन्मतो, हाताशी असेल त्यावर भागवतो आणि काम झाले की दिसण्याची फिकीर करत नाही. चिंदोगूत नड नावापुरती असते आणि कारागिरी मात्र शंभर टक्के.

नियमांना खरा धक्का काळाने दिला. १९९५च्या पुस्तकात लांब काठीच्या टोकाला कॅमेरा लावून स्वतःचा फोटो काढण्याची एक वस्तू होती. अशाच काठीचे पेटंट मिनोल्टा कंपनीतल्या हिरोशी उएदा यांनी १९८०च्या दशकातच घेतले होते, पण तेव्हा ती फारशी चालली नाही. मोबाइलला पुढचा कॅमेरा आला आणि सेल्फी स्टिक जत्रेतल्या पिपाणीसारखी जागोजागी विकली जाऊ लागली. काठी तीच होती. तिच्यातली लाज तेवढी गेली होती. बाळाचा झालरीचा अंगरखाही पुढे बाजारात आला. विकली गेली की ती वस्तू चिंदोगू राहत नाही, हे नियमाला धरूनच आहे.

चिंदोगूचे भाऊबंद इतरत्रही सापडतात. इटलीचे ब्रुनो मुनारी १९३०च्या दशकात हवेत तरंगणारी ‘निरुपयोगी यंत्रे’ करत होते. फ्रान्समध्ये झाक कारेलमन यांनी १९६९मध्ये कुठेही न मिळणाऱ्या वस्तूंची सूची काढली, आणि तीही टपालाने माल विकणाऱ्या एका जुन्या कंपनीच्या सूचीची नक्कल होती. जपान आणि फ्रान्समधल्या या दोन्ही खोड्या एकाच प्रकारच्या कागदावर सुचाव्यात, हे मला लक्षणीय वाटते. कारेलमन यांच्या कॉफीच्या किटलीची तोटी आणि मूठ एकाच बाजूला आहेत. डोनाल्ड नॉर्मन यांच्या अभिकल्पावरील ग्रंथामुळे ती जगभर पोहोचली. अथेन्सच्या वास्तुरचनाकार कातेरिना कांप्रानी यांच्या झारीची तोटी मागे वळून झारीतच उतरते. मात्र या दोन्ही वस्तू मुद्दाम बिघडवलेल्या आहेत, त्या आपले काम करूच देत नाहीत. कावाकामींच्या कसोटीत त्या नापास होतात.

स्वीडनच्या सिमोन येच यांनी ओठ रंगवताना अख्खा चेहरा माखणारे आणि झोपलेल्याला थपडा मारून उठवणारे यंत्रमानव केले. आता त्या अशा वस्तू रीतसर विकतातही. त्यांच्या दुकानात संपूर्ण पांढरे, चित्र नसलेले एक जिगसॉ कोडे मिळते. त्यातला एक तुकडा मुद्दामच दिलेला नसतो.