विज्ञापनेपासून अर्जापर्यंत

नोकरीच्या अर्जासोबत पाठवावयाचें पत्र ही निव्वळ आंग्ल विद्येची देणगी, अशी आमच्या सुशिक्षितांची समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. कोणास कोणत्या मायन्यानें लिहावें, हें सांगणारें ‘मेस्तक’ यादवांचा तेराव्या शतकांतील मंत्री हेमाद्री याच्या नांवावर मोडतें. पुढें ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ येथून ‘लोभ असावा हे विनंती’ येथपर्यंतची चाकोरी रूढ झाली. मायना मानाचा, मजकूर कामाचा, अशी ती वांटणी होती. ठरीव शब्दांनीं मान पुरा झाला कीं लेखणी मोकळी होऊन गांव, रक्कम, माणूस आणि मिती नेमकी सांगे.

धनी पालटला कीं विनंतीची भाषाहि पालटते. जतच पाहा. डफळ्यांचें घराणें विजापूरच्या आदिलशाहीच्या चाकरींत वाढलें. १८२० सालीं इंग्रजांनीं सातारच्या जहागीरदारांशीं तह केले, त्यांत जतहि होतें. १९४८ सालीं हें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. आज त्या तालुक्यांत कित्येक घरीं कानडी बोलतात, कचेरींत मराठी चालते, आणि पुण्यामुंबईच्या कंपनीकडे अर्ज इंग्रजींत जातो. पावसाचा भरंवसा नसलेल्या या मुलखांत तो कागद म्हणजे घरच्या चुलीचा प्रश्न होय.

पण परक्या भाषेच्या धाकानें तरुण तयार नमुना उतरून काढतो. ‘मी उद्योगी, प्रामाणिक व उत्साही आहें,’ हें वाक्य आम्हीं शेंकडों अर्जांत वाचलें आहे. पूर्वीं सांचा मायन्यापुरता होता. आतां तो मजकुरांत शिरला, हाच आमच्या मतें खरा बिघाड आहे.

इ. स. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंची यानें मिलानच्या लुदोविको स्फोर्त्सा यास नोकरीसाठीं लिहिलेल्या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. त्यांत हलके पूल, तोफा, वेढ्याचीं यंत्रें यांची कलमवार यादी आहे; चित्रकला अगदीं शेवटीं येते. धन्याची गरज लढाईची आहे, हें त्यानें ओळखलें होतें.

तेव्हां मायना सभ्य व थोडका असावा. जागा कोणती, तेथील कोणतें काम आपणांस येतें, आणि पूर्वीं केलेल्या कामाचा दाखला कोणता, एवढें एका पानांत सांगावें. विशेषणें वाचणारानें लावावयाचीं असतात.