समुद्रतळाची बखर

शांती नगरात जून उजाडला की जो तो विचारतो, मोसमी पाऊस कधी येणार? हा 'मोसम' अरबी 'मौसिम'वरून आला. ठरलेला काळ, हंगाम असा त्याचा अर्थ. इंग्रजीतला 'मान्सून'ही त्याच मुळाचा. अरबी दर्यावर्दी या वाऱ्यांचं वेळापत्रक पाळूनच कोकणात ये-जा करत.

बगदादचा प्रवासी अल-मसूदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ.स. 916 च्या सुमारास सैमूरला आला. सैमूर म्हणजे आजच्या अलिबाग तालुक्यातलं चौल. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असं त्यानं लिहून ठेवलं. तेव्हा इथे राष्ट्रकूटांच्या मांडलिक शिलाहारांचं राज्य होतं.

माणसांची नोंद माणसानं केली. पण ज्या वाऱ्यावर ती आली, त्याची नोंद कुणी ठेवली? ती ठेवली ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नावाच्या एकपेशीय प्लवकानं. याचं चुनखडीचं कवच वाळूच्या बारीक कणाएवढं असतं.

नैऋत्य वारे ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतात, तेव्हा पृष्ठभागाचं पाणी आत समुद्राकडे ढकललं जातं आणि खालचं थंड, पोषक पाणी वर येतं. अशा पाण्यात हा जीव भरभरून वाढतो. वारा जोरात, तर याची संख्या जास्त. मेल्यावर कवचं तळाच्या गाळात बसतात. वर्षानुवर्षं थरावर थर साचतात. संशोधक नळीनं तो गाळ उभा काढतात, कार्बन-14 पद्धतीनं थरांचं वय ठरवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली कवचं मोजतात. 1966 साली स्थापन झालेल्या, गोव्यात दोनापावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही अशा कवचांचा अभ्यास चालतो.

डेव्हिड अँडरसन, जोनाथन ओव्हरपेक आणि अनिल गुप्ता यांनी ओमानजवळच्या गाळावरून 2002 साली दाखवलं, की इ.स. 1600 च्या सुमारास हे वारे मंदावले होते आणि पुढच्या चार शतकांत त्यांचा जोर वाढत गेला. अकबराच्या अखेरच्या दिवसांतला हा बदल कुठल्याही दरबारी लेखकाला दिसणं शक्यच नव्हतं. तो एका माणसाच्या आयुष्यात मावणारा नव्हता.

बखरकाराला धनी असतो. कवचाला नसतो, म्हणून त्याची साक्ष मला मोलाची वाटते. पण तिची मर्यादाही ओळखायला हवी. कवच वाऱ्याचा जोर सांगतं. चौलमध्ये त्या वर्षी किती पाऊस पडला, जहाजातून कोण उतरलं, त्याला घर कुणी दिलं, हे ते सांगत नाही. त्यासाठी मसूदीच लागतो, शिलाहारांचे ताम्रपट लागतात.

आज 'इथले कोण आणि बाहेरचे कोण' हा वाद घालताना लोक एकच कागद फडकवतात. इतिहास असा एका साक्षीदारावर उभा राहत नाही. जिथे गाळ बोलतो तिथे गाळाचं ऐकावं, जिथे ग्रंथ बोलतो तिथे ग्रंथाचं. आणि दोघंही गप्प असतील, तिथे आपणही जपून बोलावं.