व्यायामाची मात्रा : ‘बलार्ध’ या संज्ञेचा विचार

व्यायामाविषयीं आपल्याकडे बोलणें निघालें कीं बहुधा संख्येचें बोलणें निघतें. अमुक पुरुष रोज इतके नमस्कार घालीत, तमुक पहिलवान इतक्या जोर-बैठका काढीत, अशा कथा प्रत्येक तालमींत व पुष्कळ घराण्यांत सांपडतात. त्या खऱ्या कीं खोट्या, हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. आमचा प्रश्न निराळा आहे. निरोगी राहूं इच्छिणाऱ्या सामान्य माणसानें व्यायाम किती करावा, याचें उत्तर आपल्या जुन्या ग्रंथकारांनीं दिलें आहे काय? दिलें असल्यास तें संख्येनें दिलें आहे, कीं दुसऱ्या कांहीं मापानें? या प्रश्नाचा विचार मूळ ग्रंथ समोर ठेवून करावा, व त्यांतून जें निष्पन्न होईल तें संशोधकांपुढें मांडावें, एवढाच येथें हेतु आहे.

प्रथम चरकसंहिता घेऊं. तिच्या सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायांत व्यायामाची व्याख्या आली आहे. शरीरास स्थैर्य आणणारी व बल वाढविणारी जी इष्ट अशी शरीराची चेष्टा, तिला चरक व्यायाम म्हणतो. आणि व्याख्येच्या त्याच श्लोकांत ती चेष्टा मात्रेनें करावी असें सांगून टाकतो. ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. मात्रेचा निर्बंध मागाहून सुचलेला अपवाद म्हणून आलेला नाहीं, तो व्याख्येलाच जोडलेला आहे. यानंतर फळें सांगितलीं आहेत तीं अशीं : अंगाचा हलकेपणा, काम करण्याचें सामर्थ्य, स्थिरता, दुःख सोसण्याची शक्ति, दोषांचा क्षय व अग्नीची वृद्धि. लगेच अतिव्यायामाचे परिणाम येतात. श्रम, क्लम, धातुक्षय, तहान, रक्तपित्त, दमा, खोकला, ज्वर व वांति अशी ती यादी आहे. व्यायाम, हास्य, भाषण, मार्गक्रमण, जागरण इत्यादि गोष्टी अंगवळणीं पडलेल्या असल्या तरीही शहाण्यानें त्यांचा अतिरेक करूं नये, असेंही चरक बजावतो. हत्तीला ओढूं पाहणाऱ्या सिंहाचा दृष्टांत येथलाच.

परंतु मात्रा पूर्ण झाली हें ओळखावें कशावरून? घाम येणें, श्वास वाढणें, गात्रें हलकीं वाटणें व हृदयादि स्थानीं अवरोध जाणवणें, अशीं लक्षणें सांगणारा एक श्लोक याच ठिकाणीं आहे. मौज अशी कीं, मुद्रित चरकांत हा श्लोक कंसांत घातलेला आढळतो. म्हणजे तो मूळचाच आहे असें संपादकांनीं मानलें नाहीं. ज्या श्लोकावर मात्रेची ओळख अवलंबून, तोच संशयित! तेव्हां या बाबतींत एकट्या चरकावर भार टाकतां येत नाहीं.

सुश्रुतसंहितेकडे वळलें म्हणजे हा संशय बराच दूर होतो. चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायांत सुश्रुतानें व्यायामाचें विस्तारानें वर्णन केलें आहे. आत्महित इच्छिणाऱ्यानें सर्व ऋतूंत, रोज, आपल्या बलाच्या अर्ध्यानें व्यायाम करावा; अन्यथा तो घातक होतो, असें त्याचें सांगणें आहे. ‘बलार्ध’ हा शब्द येथें येतो, आणि त्याचें लक्षणही पुढच्याच श्लोकांत सांगितलें आहे. व्यायाम करीत असतां हृदयांत आपल्या स्थानीं असलेला वायु जेव्हां मुखास येऊन पोहोंचतो, तेव्हां अर्धें बल खर्चीं पडलें असें जाणावें. आपल्या बोलीभाषेंत सांगावयाचें तर, नाकानें चालणारा श्वास अपुरा पडून तोंड उघडावें लागलें, कीं थांबावें. याशिवाय वय, बल, शरीर, देश, काल व आहार या सहा गोष्टी पाहून व्यायाम करावा, नाहीं तर रोग जडतो, असेंही तो म्हणतो.

या लक्षणाचें महत्त्व आमच्या मतें फार आहे. कारण येथें माप बाहेरचें नाहीं, करणाऱ्याच्या देहांतच आहे. शंभर ही संख्या सर्वांना सारखीच. पण बलार्ध प्रत्येकाचें वेगळें, आणि त्याच माणसाचें आजचें व तापांतून उठल्यानंतरचेंही वेगळें. म्हणून ‘बलार्ध’ म्हणजे जितके जोर निघूं शकतील त्याच्या निम्मे, असा जो हिशेबी अर्थ कांहीं ठिकाणीं केला जातो, तो मूळास धरून नाहीं. निम्मे काढावयाचे तर आधीं सगळे काढून पाहावे लागतील. आणि तें करणें हाच तर अतिव्यायाम!

वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत दिनचर्येच्या अध्यायांत हाच विषय पुन्हा आला आहे. तेथें अर्धशक्तीनें व्यायाम करण्यास बलवान् व स्निग्ध भोजन करणारे लोक पात्र धरले असून, काल थंडीचा व वसंताचा सांगितला आहे. इतर वेळीं व्यायाम मंदच करावा असें म्हटलें आहे. वात-पित्ताचे रोगी, बालक, वृद्ध व अजीर्ण झालेले यांना तो वर्ज्य केला आहे. सुश्रुत म्हणतो सर्व ऋतूंत, वाग्भट म्हणतो दोन कालांत. हा विरोध प्रथमदर्शनीं मोठा वाटतो. पण तो तसा नाहीं. रोज करावा यांत दोघांचें एकमत आहे. सुश्रुताच्या सहा गोष्टींत काल ही एक आहेच. वाग्भटानें त्या एका शब्दाचा विस्तार करून उन्हाळ्या-पावसाळ्याची मात्रा उतरविली, इतकेंच. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर, देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि यानें याच अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. तेव्हां तेराव्या शतकांत हा मात्राविचार आपल्या राजधानींत अभ्यासला जात होता, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां दुसऱ्या परंपरेकडे पाहूं. वैद्यांचे ग्रंथ एकीकडे व मल्लांचे ग्रंथ दुसरीकडे असे दोन प्रवाह आपल्या वाङ्मयांत आहेत. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचलेला ‘मानसोल्लास’ सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यांतील मल्लविनोदाच्या प्रकरणांत मल्लांचे प्रकार, त्यांचा आहार व त्यांचा अभ्यास हे विषय आहेत. अभ्यासाचे प्रकार असे : भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, बाहुपेल्लणकश्रम व स्तंभश्रम. म्हणजे ओझें उचलणें, फिरणें, पोहणें, बाहूंचा अभ्यास व खांबावरचा अभ्यास. मोढेऱ्याच्या आसपासच्या ज्येष्ठीमल्ल ब्राह्मणांचा ‘मल्लपुराण’ हा ग्रंथ सांडेसरा व मेहता यांनीं १९६४ सालीं गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत प्रसिद्ध केला. त्यांत ही यादी आणखी वाढली आहे. रंगश्रम, स्तंभश्रम, भ्रमणिकाश्रम व जलश्रम तर आहेतच. शिवाय पायऱ्या चढणें म्हणजे सोपानारोहण, व जेवणानंतर फिरणें म्हणजे भोजनोर्ध्वभ्रमणिका, हेही त्यांत धरलें आहे. डावपेंचांची चर्चा करणें हाही ऊहापोहश्रम म्हणून एक श्रमच!

(स्तंभश्रम म्हणजेच आजचा मल्लखांब, असें पुष्कळदां लिहिलें जातें. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेले बाळंभटदादा देवधर यांनीं मल्लखांब प्रचारांत आणला, अशी परंपरा आहे. या दोहोंमध्यें सहा-सात शतकांचें अंतर आहे, व केवळ नांवाच्या साम्यानें तें भरून निघत नाहीं, एवढेंच जातां जातां सुचवितों.)

वरील नांवांत एक शब्द सर्वत्र आला आहे तो ‘श्रम’. मल्लांच्या शास्त्रांत श्रम हें व्यायामाचेंच नांव आहे. चरकाची यादी वाचकांनीं पुन्हा आठवावी. तेथें श्रम हा अतिव्यायामाचा पहिला दुष्परिणाम आहे. एकाच शब्दानें एका शास्त्रांत साध्य दाखविलें जातें व दुसऱ्यांत व्याधि! आमच्या सर्व विवेचनाचा मथितार्थ या एका शब्दांत सांपडतो. मल्लाला आपलें बल ताणून वाढवावयाचें असतें. राजाश्रय, ठरलेला खुराक व मर्दन यांच्या आधारावर तो तें करतो. गृहस्थाला बल राखावयाचें असतें. पहिल्याचा हिशेब दुसऱ्याला लावणें हें शास्त्रसंमत नव्हे.

मग घरोघर संख्या आली कोठून? आमचा तर्क असा कीं, ती दोन वाटांनीं आली. एक वाट तालमीची, ती वर सांगितली. दुसरी उपासनेची. नमस्कार हे व्रत म्हणून घातले जात, आणि व्रताला संख्या ही लागतेच. टाकळी येथें समर्थ रामदास रोज बाराशे नमस्कार घालीत असें सांप्रदायिक सांगतात. तेथें ती संख्या तपश्चर्येची आहे, आरोग्याची नव्हे. पुढें विसाव्या शतकांत औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार आरोग्यासाठीं म्हणून केला व आपल्या संस्थानच्या शाळांतून ते चालू केले. त्यांच्या उद्योगाचें मोल मोठें आहे. तथापि मूळची व्रतांतली संख्या त्या निमित्तानें शाळेच्या पटांगणांत आली, आणि तिच्या बरोबर बलार्धाचें लक्षण मात्र आलें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

येथें आमचा स्वतःचा एक दोष सांगितला पाहिजे. शिक्षकाच्या पेशांत असतां आम्हीं सकाळीं मुलांकडून नमस्कार घालवून घेत असूं, व सर्वांना एकच संख्या नेमून देत असूं. तापांतून नुकताच उठलेला एक विद्यार्थी त्यांत होता. इतर मुलें मोजीत आहेत, आपण मागें पडलों तर हंसतील, या लाजेनें तो तोंड उघडें टाकून धापा टाकीत राहिला व शेवटीं घेरी येऊन पडला. सुदैवानें पाणी मारतांच तो सावध झाला. वयबलादि सहा गोष्टी सांगणारा सुश्रुताचा श्लोक तेव्हां आम्हांस मुखोद्गत होता! वायु मुखास आलेला आमच्या डोळ्यांसमोर दिसत होता, आणि आम्ही अंक म्हणत होतों. पाठांतर व ज्ञान यांतील अंतर त्या दिवशीं जितकें कळलें तितकें पूर्वीं कधीं कळलें नव्हतें.

राहतां राहिला वृद्धांचा प्रश्न. आतां आम्हीही त्याच वर्गांत मोडतों, म्हणून वाग्भटाचा निषेध वाचून मन थोडें खट्टू झालें, हें कबूल करतों. परंतु सुश्रुतानें याची सोय केली आहे. त्याच चोविसाव्या अध्यायाच्या उत्तरार्धांत तो दोन प्रकारच्या चालण्यांत भेद करतो. एक अध्वा, म्हणजे लांबचा प्रवास. तो कफ, स्थूलता व नाजुकपणा घालवितो, पण कांतीही घालवितो. दुसरें चंक्रमण, म्हणजे देहाला फारशी पीडा न होईल असें फिरणें. हें दुसरें आयुष्य, बल, बुद्धि व अग्नि देणारें आणि इंद्रियांना जागविणारें आहे, असें तो म्हणतो. बुद्धीचा उल्लेख येथें मुद्दाम पाहावा. मल्लपुराणांतील भोजनोर्ध्वभ्रमणिका व सुश्रुतानें अन्यत्र सांगितलेलीं जेवणानंतरचीं शंभर पावलें, हीं याच जातीचीं. या ठिकाणीं वैद्य व मल्ल यांचे दोन्ही प्रवाह एकत्र येतात.

आजच्या शास्त्राशीं हें ताडून पाहिलें तर काय दिसतें? जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम व्यायाम सांगितला. पासष्टीपुढील माणसांनाही तो वर्ज्य केला नाहीं, उलट तोल व बल राखणारे व्यायाम आठवड्यांतून तीन दिवस आणखी सांगितले. तेव्हां वृद्धांविषयींचा वाग्भटाचा सरसकट निषेध आज टिकत नाहीं. मात्र ‘मध्यम’ ओळखण्याची आजची सोपी खूण अशी आहे, कीं चालतां चालतां बोलतां यावें पण गातां येऊं नये. ही खूण व सुश्रुताचें लक्षण एकच, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. पण दोन्हींत साक्ष श्वासाचीच काढली आहे, संख्येची नाहीं, एवढें निर्विवाद.

शेवटीं पोथीसंग्राहकांस दोन विनंत्या. ज्यांच्या संग्रहीं चरकाच्या सूत्रस्थानाच्या प्रती असतील त्यांनीं सातव्या अध्यायांतील तो कंसांतला श्लोक आपल्या प्रतींत आहे कीं नाहीं, असल्यास मूळ ओळींत आहे कीं समासांत, हें पाहून कळवावें. दुसरी, जुन्या तालमींचे खर्डे, खुराकाच्या याद्या व वस्तादांच्या नेमणुकीचे कागद दप्तरांत क्षुल्लक समजून बाजूस पडतात, ते जपावे. मुजुमदारांचा व्यायामज्ञानकोश दहा खंडांचा असला तरी त्यानें हा विषय संपला असें नाहीं.

आणि पोथ्यांवर वांकून बसणाऱ्या आपणां सर्वांसाठीं एक. संध्याकाळचीं किरणें पानावर तिरपीं आलीं, अक्षर लागेनासें झालें, म्हणजे दिवा लावण्यापूर्वीं पोथी बांधून ठेवावी व गांवाबाहेर चंक्रमण करून यावें. परत आल्यावर तेंच अक्षर पुष्कळदां लागतें, असा आमचा अनुभव आहे. अलं विस्तरेण.