पाव टक्का जातो कुठे?

टक्केवारीच्या फील्डबद्दल सॉफ्टवेअरवाल्यांचं एक ठरलेलं मत आहे. टक्का म्हणजे शंभरावा भाग. तेव्हा डेटाबेसमध्ये अपूर्णांकच साठवावा, 21 टक्क्यांसाठी 0.21, आणि टक्क्याच्या चिन्हाचं काय ते पडद्यावर बघून घ्यावं. हे मत इतकं मुरलंय की त्यावर वाद घालणं अडाणीपणाचं वाटतं.

पूर्वपक्ष दुबळा नाही. थकबाकीला 0.21 ने गुणलं की वर्षाचं व्याज निघतं. शंभरानं भागायचं राहून जाण्याची धास्ती नाही. एक्सेलही पोटात असंच करतं. संख्याशास्त्रात प्रमाणं 0 ते 1 मध्येच वावरतात. सगळं खरं, पण ही झाली हिशेब करणाऱ्या यंत्राची सोय. फील्ड भरणारा माणूस या युक्तिवादात कुठेच दिसत नाही.

तो माणूस पाहायचा तर जुहूत जेव्हीपीडी स्कीममधल्या कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीचं ऑफिस चालेल. सेक्रेटरीसमोर आदर्श उपविधींची प्रत असते. 2014 च्या उपविधींत थकबाकीवर जास्तीत जास्त 21 टक्के सरळ व्याज, सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के, रिपेअर फंड 0.75 टक्के. भाड्यानं दिलेल्या फ्लॅटवर सेवाशुल्काच्या कमाल 10 टक्के नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस. म्हणजे एकाच पडद्यावर 21 आणि 10 ही आहेत, आणि एकाहून लहान टक्केही आहेत.

आता अपूर्णांकवाद्यांची पहिली अडचण. 0.25 टक्के साठवायचे तर 0.0025 लिहावं लागतं, आणि टक्क्याला दोन दशांश स्थळं पुरतात या समजुतीनं फील्ड दोनच स्थळांचं केलेलं असतं. परिणाम बघा. 0.0025 राउंड होऊन 0.00 होतं: सिंकिंग फंड गायब. 0.0075 चं 0.01 होतं: रिपेअर फंड पाऊण टक्क्याचा एक टक्का. फ्लॅटचा बांधकाम खर्च दहा लाख धरला तर वर्षाला 7,500 रुपयांऐवजी 10,000, महिन्याला 625 ऐवजी 833. मेंटेनन्सच्या बिलात एवढ्या फरकावर कोणाची नजर थांबत नाही. शून्याची ओळ निदान ऑडिटर विचारील. ही 833 ची ओळ तो विचारीलच असं नाही. रेस्टॉरंटच्या बिलावरचे अडीच-अडीच टक्के सीजीएसटी-एसजीएसटी अशा फील्डात घातले तर त्यांचेही तीन-तीन होतील.

यावर उत्तर ठरलेलं: मग दशांश स्थळं वाढवा. वाढवा की. पण टाइप करणाऱ्याचं काय? त्यानं 0.25 लिहिलं तर त्याला पाव टक्का म्हणायचंय की पंचवीस टक्के? इथे हुशार सॉफ्टवेअर अंदाज बांधतं: आकडा एक किंवा त्याहून मोठा असेल तर टक्के, लहान असेल तर अपूर्णांक. मायक्रोसॉफ्टनं एक्सेलबद्दल दिलेल्या माहितीत, आधीच टक्क्याचं फॉरमॅट लावलेल्या कोऱ्या सेलमध्ये 10 लिहा की 0.1, दोन्हींचे 10 टक्के होतात असं सांगितलंय. सोय म्हणून ठीक दिसतं. पण या नियमानं सिंकिंग फंडाचे 25 टक्के होतील आणि रिपेअर फंडाचे 75. नियम नेमका तिथेच बुडतो जिथे आकडा एकाखाली आहे. 0 ते 100 ची तपासणी लावूनही सुटका नाही, कारण 0.25 ही त्यात बसतं आणि 25 ही. अ‍ॅक्सेसमध्ये वेगळीच गंमत: नंबर फील्डचा आकार मुळात लाँग इंटिजर असतो, त्यात 0.25 चं सरळ शून्य.

अचूकतेच्या नावानं अपूर्णांकाच्या बाजूनं जो दावा केला जातो, तो तर उलटाच आहे. फ्लोट प्रकारच्या फील्डात आकडे द्विमान पद्धतीनं राहतात. त्यात 21, 2.5, 0.25, 0.75 हे सगळे काटेकोर बसतात. 0.21, 0.025, 0.0025, 0.0075 यांतला एकही बसत नाही. छापील टक्का जसाच्या तसा ठेवला असता तर शेपटाची चूक आलीच नसती. शंभरानं भागण्याची घाई करून ती ओढवून घेतली.

बेसिस पॉइंटचा पक्षही आहे: पाव टक्का म्हणजे 25, पूर्णांकच साठवा. बँकेत तो शोभतो, तिथली माणसं तीच भाषा बोलतात. सेक्रेटरीला 25 लिहायला लावलं की मघाचा गोंधळ मागच्या दारानं परत.

म्हणून माझं म्हणणं: उपविधीत जो आकडा छापलाय तोच टाइप व्हावा आणि तोच साठवला जावा, दशांश प्रकारच्या फील्डात, फील्डच्या नावातच ‘टक्के’ हा शब्द असावा. शंभरानं भागणं एकाच ठिकाणी, हिशेबाच्या सूत्रात. ते एकदा लिहून तपासता येतं, हजार हातांचं टायपिंग तपासता येत नाही. आणि फील्डशेजारी लगेच रुपये दिसावेत: ‘0.25 टक्के, या फ्लॅटला महिना 208.33 रुपये’. पंचवीस टक्के पडले असते तर तिथे 20,833.33 आलं असतं. टक्क्यात न दिसलेली चूक रुपयात दिसते.

‘टक्के दाखवणं ही नुसती सजावट’ या उरलेल्या अर्ध्या मतासाठी पुनर्विकासाचं उदाहरण पुरे. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाला सोसायटीच्या एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्क्यांची संमती लागते. समजा सभासद 79 आणि संमती 40 जणांची. हे होतात 50.63 टक्के. पडद्यावर दशांश नको म्हणून फॉरमॅट पूर्णांकाचा लावलेला असला की झळकतं ‘51%’, आणि बिल्डरचा माणूस पेढे मागवतो. लागतात 41. तेव्हा संमतीसारख्या ठिकाणी टक्का साठवूच नये. 40 आणि 79 हे दोन आकडे साठवावेत, आणि दाखवतानाही आधी तेच दाखवावेत.