एक मिलिमीटरचं भोक

इंजिन ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ का, हे ओळखायची गॅरेजातली रीत सोपी आहे. इंजिन चालू ठेवायचं, ऑईल भरायचं झाकण काढायचं आणि त्याच तोंडावर नुसतं उपडं टेकवायचं. जागेवर बसून राहिलं तर ठीक. थडथडायला लागलं, उडून पडलं, खालून धुराचे भपके आले, की मिस्त्री हात पुसत निकाल देतो : रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल. परळीत राखेचे हायवा आणि उसाचे ट्रॅक्टर चालवणाऱ्या कुणालाही हा निकाल नवा नाही. मालकाचा पुढचा प्रश्न खर्चाचा असतो, आणि त्याचं खरं उत्तर इंजिन खोलल्याशिवाय कुणालाच देता येत नाही. नुसत्या रिंगा, की लायनर-पिस्टनही? हेड उतरवलं तर वॉल बसवून भागेल, की पुरतं फुल इंजिनच करावं लागेल?

इंजिन न खोलता हे सांगणारं एक साधन आहे. एक रेग्युलेटर, दाब दाखवणारी दोन गेजं, एक रबरी नळी आणि दोन गेजांच्या मधे बारीक भोक पाडलेला पितळी तुकडा. याला लीक-डाउन टेस्टर म्हणतात. भोक सोडलं तर बाकीचा सगळा ऐवज हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. म्हणून या साधनाची कुळकथा सांगायची म्हणजे त्या भोकाचीच सांगायची.

गळती इंजिनाइतकीच जुनी. १७१२च्या न्यूकॉमेनच्या वाफेच्या इंजिनात पिस्टनभोवती चामडं लावत आणि फटी बुजाव्यात म्हणून वरून पाणी साचवून ठेवत. जेम्स वॉटचं पहिलं मोठं इंजिन १७६९मध्ये उभं राहिलं, ते कल्पनेत उत्तम आणि प्रत्यक्षात गळकं. त्या काळी गोल सिलिंडर कोरता येत नव्हता, हे त्याचं कारण. १७७५च्या सुमारास जॉन विल्किन्सनने तोफा कोरण्याच्या अनुभवातून सिलिंडर कोरायचं यंत्र केलं. वॉटचा भागीदार बोल्टन याने पुढच्याच वर्षी आनंदाने लिहून ठेवलं की पन्नास इंच व्यासाचा सिलिंडर कुठेही जुन्या शिलिंगच्या जाडीइतकासुद्धा चुकलेला नाही. एका नाण्याच्या जाडीएवढी फट ही तेव्हा फुशारकीची गोष्ट होती. आज परळीतला लेथवाला एवढ्या फरकाचा बोअर परत पाठवेल.

नंतर १८५०च्या दशकात इंग्लंडमधल्या रेल्वे कारखान्यातल्या जॉन रॅम्सबॉटमने चीर असलेली धातूची रिंग आणली. ती आपल्याच ताणाने बाहेर दाबून बसते, म्हणून टिकते. पण तिला चीर ठेवावीच लागते, नाहीतर तापून फुगल्यावर ती भिंतीत रुतेल. गळती थांबवणाऱ्या भागालाच गळायची वाट ठेवलेली आहे. अजिबात न गळणारं इंजिन तेव्हाही नव्हतं, आजही नाही. तेव्हा इंजिन गळतं का, हा प्रश्नच चुकीचा. किती गळतं आणि कुठून, हे विचारायला हवं.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने ‘किती’चं उत्तर मनगटाने शोधलं. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात सुरू झाली आणि तिची हँडलची इंजिनं गावोगावच्या विहिरींवर बसली. परळीत औष्णिक केंद्राचा पहिला ३० मेगावॉटचा संच १९७१मध्ये आला, तरी आसपासच्या मळ्यांतून डिझेल इंजिनाचा ठोका लवकर गेला नाही. वीज इथे तयार व्हायची आणि भारनियमनही इथेच असायचं. ते इंजिन चालू करायचं तर डिकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, हँडल मारून फ्लायव्हीलला वेग द्यायचा आणि खटका सोडायचा. चांगलं इंजिन तिथे अडतं, हाताला झटका देतं. गेलेलं इंजिन बिनविरोध फिरत राहतं. विमानाच्या मेकॅनिकांची पद्धतही हीच होती, हँडलच्या जागी पंखा. हाताने पंखा फिरवताना प्रत्येक सिलिंडर किती विरोध करतो, हे पाहायचं. चौदा सिलिंडरांच्या डकोटाच्या इंजिनावर हा हिशेब ठेवायला मनगट आणि स्मरण दोन्ही पक्कं लागत असणार.

मनगटाच्या जागी गेज आलं. फ्रान्सच्या यूजीन बूर्दोंने १८४९मध्ये वाकड्या नळीच्या दाबमापकाचं पेटंट घेतलं, आणि आज गॅरेजातल्या जवळपास प्रत्येक काट्यामागे तीच नळी आहे. ते गेज स्पार्क प्लगच्या किंवा नोझलच्या जागी लावून स्टार्टर मारला की कॉम्प्रेशन कळतं. पण हा आकडा जरा लबाड असतो. बॅटरी उतरलेली असेल, स्टार्टर हळू फिरत असेल, एअर क्लीनर चोंदला असेल, तर चांगलं इंजिनही नापास होतं. सिलिंडरात जास्तीचं ऑईल आलं असेल तर झिजलेलं इंजिन पास होतं. शिवाय हवा कुठून गेली, याबद्दल हे गेज एक शब्द बोलत नाही.

इथे ते भोक कामाला येतं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, वर आणायचा. दोन्ही वॉल बंद, सिलिंडर म्हणजे बंद डबी. आता हवा आपण बाहेरून भरायची, कॉम्प्रेसरने, पण त्या बारीक भोकातून. भोकाच्या अलीकडचं गेज रेग्युलेटरने ८० पाउंडावर धरून ठेवायचं आणि पलीकडचं गेज वाचायचं. ठरावीक धारेचा नळ फुटक्या रांजणात सोडून ठेवला, तर पाणी ज्या पातळीला येऊन थांबतं त्यावरून रांजणाची चीर किती मोठी ते सांगता येतं, हे तसंच. अनोळखी गळती मोजायला समोर एक ओळखीची गळती ठेवायची. विजेच्या अभ्यासात ही युक्ती आधीपासून होती : १८४३मध्ये चार्ल्स व्हीटस्टनने लोकांपुढे आणलेल्या ‘ब्रिज’मध्ये अनोळखी रोध असाच ओळखीच्या रोधाशी तोलला जातो. (तो ब्रिज मुळात सॅम्युएल क्रिस्टीचा. व्हीटस्टनने स्वतः तसं सांगितलं होतं, तरी नाव त्यालाच चिकटलं.)

ही युक्ती शिस्तीत बसवली विमानवाल्यांनी. रस्त्यात ट्रॅक्टर बंद पडला तर शिव्या देता येतात. विमानाला ती सोय नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेने भोकाचं माप ठरवून दिलं : १००० घनइंचांपर्यंतच्या इंजिनाला ०.०४० इंच व्यास, त्याहून मोठ्याला ०.०६०. भोकाची लांबी पाव इंच, आत शिरतानाचा उतार ६० अंशांचा. ०.०४० इंच म्हणजे जवळपास नेमका एक मिलिमीटर. कामाचा दाब ८० पाउंड, आणि एक चतुर्थांशाहून जास्त दाब गळाला, म्हणजे पलीकडचं गेज ६०च्या खाली गेलं, तर सिलिंडर संशयित.

हा साठीचा आकडा कुणाच्या मनाला येईल तसा ठरलेला वाटतो. पण हिशेब करून पाहिला तर त्यात गंमत आहे. समजा इंजिनातली सगळी गळती मिळून बरोबर त्या भोकाएवढीच आहे. दोन सारखी भोकं, एकामागे एक, अलीकडे ८० पाउंड आणि शेवटी मोकळी हवा. हवेच्या प्रवाहाचं ढोबळ गणित केलं तर मधलं गेज साठीच्या थोडं वर, ६२च्या आसपास थांबतं. म्हणजे ६० हा आकडा व्यवहारात सांगतो की रिंगा, वॉल, गॅसकेट सगळ्यांची मिळून फट आता एक मिलिमीटरच्या भोकाएवढी झाली.

पण भोकं सगळी सारखी पडत नाहीत. दोन टेस्टर एकाच सिलिंडरला वेगळे आकडे देऊ लागले आणि त्या आकड्यांवर चांगली इंजिनं खोलली जाऊ लागली. १९८४मध्ये कॉन्टिनेंटल या विमान-इंजिन कंपनीने सेवापत्रक काढून यावर उपाय दिला. कारखान्यात जपून पाडलेलं एक ‘मास्टर’ भोक आधी टेस्टरला लावायचं, त्या दिवशी त्या टेस्टरवर जो आकडा येईल तीच तळाची मर्यादा धरायची, आणि मग सिलिंडर तपासायचा. ही मर्यादा चाळिशीतही जाऊ शकते, आणि तेवढ्यावर इंजिन निरोगी असू शकतं. त्याच पत्रकाने दुसरी कामाची गोष्ट केली : रिंगांची गळती आणि वॉलची गळती वेगळी धरली. रिंगा थोड्या गळणारच. बंद वॉल गळता कामा नये.

मोटारीच्या दुनियेत हे साधन आलं तेव्हा ही शिस्त गळून पडली. तिथे टेस्टर थेट टक्केवारी दाखवतात, आणि प्रत्येक कंपनीचं भोक आपापलं. दहा टक्क्यांच्या आत उत्तम, विसापर्यंत चालतंय, तिशीच्या पुढे काम निघालं, असा साधारण ठोकताळा आहे. पण एका टेस्टरचे दहा टक्के दुसऱ्याचे पंधरा असू शकतात. आकड्यावर भांडण्यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांशी ताडून पाहणं शहाणपणाचं.

आणि खरी बातमी आकड्यात नसतेच, आवाजात असते. हवा भरलेली असताना कान लावायचा. एअर क्लीनरकडून सूं आलं तर इनलेट वॉल. सायलेन्सरमधून आलं तर एक्झॉस्ट. रेडिएटरचं झाकण काढल्यावर पाण्यात बुडबुडे दिसले तर हेड गॅसकेट किंवा तडा. शेजारच्या सिलिंडरच्या नोझलच्या भोकातून हवा आली तर दोघांमधलं पॅकिंग उडालंय. आणि ऑईलच्या तोंडातून आली, तर झाकण उपडं ठेवून मिस्त्रीने जे सांगितलं होतं तेच. फक्त आता कोणत्या सिलिंडरची आणि किती, हे कळतं.

परळीत हे शेवटचं निदान जास्त निघावं, अशी हवा आहे. औष्णिक केंद्राची राख बल्करमधून सिमेंटकडे आणि हायवातून वीटभट्ट्यांकडे जाते. राखेत मुख्यतः सिलिका आणि अॅल्युमिना असतं, आणि तिचे बरेच कण इतके बारीक की एअर क्लीनरचं रबर जरा कुठे फाटलं की थेट आत. रिंग आणि लायनरमधला ऑईलचा थर काही मायक्रॉनांचा. त्यात ही राख गेली की ऑईल वंगणाचं काम सोडून पॉलिशपेपरचं काम करतं, आणि लायनर सर्वांत जास्त तिथे घासतो जिथे वरची रिंग दिशा बदलते. लीक-डाउनची तपासणी नेमकी त्याच जागी होते. दसऱ्याच्या आधी, ऊसतोडीचा हंगाम तोंडावर असताना, दोन ट्रॉल्या ओढायला निघणाऱ्या ट्रॅक्टरची ही तपासणी झाली तर टोळीची उचल घेऊन बसलेल्या मालकाची अर्धी झोप तरी वाचेल.

मात्र ट्रॅक्टरवर हे करताना एक भान हवं. १०० मिलिमीटर बोअरच्या पिस्टनवर ८० पाउंड दाब म्हणजे साधारण ४४० किलोचा भार. पिस्टन बरोबर टोकाला असेल तर तो सरळ खाली दाबतो, पण दोन-चार अंश इकडेतिकडे असेल तर इंजिन फिरतं, आणि पुलीवर लावलेला पाना हात मोडू शकतो. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि दाब हळूहळू वाढवत न्यायचा. हवा बंद करेपर्यंत पंख्याजवळ हात नाही.

पंप, नोझल, टायमिंग यांच्याबद्दल हा टेस्टर काहीच सांगत नाही. डिझेल नीट न फवारल्यामुळे धूर काढणारं इंजिन इथे अव्वल नंबराने पास होईल. कॅमची उंची झिजली असेल तर तीही कळणार नाही, कारण बंद वॉल बंदच असतो. थांबलेल्या इंजिनावरची ही परीक्षा आहे, धावतं इंजिन काय करतं ते हिला दिसत नाही.

तयार टेस्टर विकत मिळतो, पण घरी बनवायला अवघड नाही. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरपुढे रेग्युलेटर, मग पहिलं गेज, मग टी, मग दुसरं गेज, आणि सिलिंडरकडे जाणाऱ्या टोकाला जुन्या नोझलच्या बॉडीचा अडॅप्टर. भोकासाठी ड्रिल शोधायची गरज नाही. डेलॉर्तोच्या पद्धतीच्या जुन्या कार्ब्युरेटरच्या जेटवर जो नंबर असतो तो भोकाच्या व्यासाचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १०० नंबरचं जेट म्हणजे एक मिलिमीटर. एक जेट दोन गेजांच्या मधे बसवायचं आणि तसंच दुसरं अडॅप्टरच्या मोकळ्या टोकाला. ८० पाउंड सोडून दुसरा काटा साठीच्या आसपास थांबला तर टेस्टर तयार. चाळिशीला आला तर इंजिनाकडे जायच्या आधी आपल्याच जोडणीला साबणाचं पाणी लावून बघायचं.