काचेच्या कारखान्यातला नट

पुण्यात पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. पुणेकर तिला ‘एनसीएल’ म्हणून ओळखतात. १९५२ ते १९५७ या काळात तिचे संचालक होते जॉर्ज इंगल फिंच. जन्माने ऑस्ट्रेलियन, शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ आणि हाडाचे गिर्यारोहक. १९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायूची नळकांडी पाठीवर बांधून ते आणि जेफ्री ब्रूस सुमारे २७,३०० फुटांपर्यंत चढले होते. तोवर इतक्या उंचीवर कुणीच चढून गेले नव्हते. मात्र आज मला या फिंचसाहेबांविषयी बोलायचे नाही. त्यांचे आडनाव आयुष्यभर लावणाऱ्या, पण त्यांचा मुलगा नसलेल्या एका नटाविषयी बोलायचे आहे.

त्याचे नाव पीटर फिंच. त्याचा जन्म २८ सप्टेंबर १९१६चा, लंडनमधला. महायुद्ध चालू होते. जॉर्ज फिंच यांच्या पत्नीचे कॅम्पबेल नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याशी प्रेमसंबंध होते आणि मूल त्याचे होते. पुढे १९२०मध्ये घटस्फोट झाला. गंमत पाहा, कायद्याने मुलाचा ताबा मिळाला तो जॉर्ज यांना. त्यांनी पोराला आईपासून तोडले आणि पॅरिसजवळ राहणाऱ्या आपल्या आईच्या, म्हणजे लॉरा फिंच यांच्या हवाली केले. पीटरला आपल्या जन्माची खरी हकीकत कळली ती पुष्कळ उशिरा, चांगला मोठा झाल्यावर.

या आजीबाई थिऑसॉफीच्या नादी लागलेल्या होत्या. १९२५ साली त्या नातवाला घेऊन थेट मद्रासजवळच्या अड्यारला आल्या. तिथल्या वास्तव्यात काही दिवस हा मुलगा बौद्ध भिक्खूंच्या सहवासात राहिला. पुढे कुणी धर्म विचारला, की फिंच ‘बौद्ध’ असे सांगत असे. पण आजीच्या मुक्कामाचाही भरवसा नव्हता. १९२६मध्ये त्याची रवानगी सिडनीला, जॉर्ज यांच्या काकांकडे झाली. दहा वर्षांचे पोर! इंग्लंड, फ्रान्स, हिंदुस्थान आणि आता ऑस्ट्रेलिया. प्रत्येक ठिकाणी भाषा वेगळी किंवा निदान भाषेचा हेल तरी वेगळा. फिंच पुढे निरनिराळ्या देशांची माणसे इतकी सहज कशी उभी करू शकला, असे मला कुणी विचारले, तर मी या चार घरांकडे बोट दाखवीन. जिथे जाऊ तिथल्यासारखे बोलणे ही त्याची लहानपणाची गरज होती.

शाळा १९२९मध्ये सुटली. लगेच जागतिक मंदी आली. सिडनीच्या ‘सन’ या वर्तमानपत्रात त्याने पोऱ्याची नोकरी केली. मग मिळेल ते काम. सिडनीच्या ईस्टरच्या जत्रेत तंबूबाहेर उभे राहून ओरडून गिऱ्हाईक गोळा करायचे. एका विनोदी नटाच्या जोडीला उभे राहून सरळ चेहऱ्याने असे प्रश्न विचारायचे, की त्याच्या उत्तरावर हशा पिकावा. जॉर्ज सोर्ली यांची फिरती नाटक कंपनी होती. गावाबाहेरच्या मैदानात तंबू ठोकायचा, खेळ करायचा आणि पुढच्या गावाला निघायचे. आपल्याकडच्या फडांच्या मुक्कामांची आठवण व्हावी असाच सगळा मामला. या कंपनीबरोबर फिंचने ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग पालथा घातला. मेंढपाळ, लाकूडतोडे, गुराखी यांची बोली त्याने तिथे ऐकली.

पण त्याची खरी शाळा म्हणजे रेडिओ. मी हे नभोवाणीवर बोलतो आहे म्हणून तिची तरफदारी करतो, असे कृपया समजू नका. त्या काळातल्या ऑस्ट्रेलियात नटाला पोट भरायचे असेल, तर दुसरा रस्ताच नव्हता. चित्रपटगृहे अमेरिकन आणि ब्रिटिश चित्रपटांनी भरलेली. ‘सिनेसाउंड’ ही देशी कंपनी थोडेफार चित्रपट काढी. त्यातल्या ‘डॅड अँड डेव्ह कम टू टाऊन’ या १९३८च्या चित्रपटात फिंचला छोटीशी भूमिका मिळाली. पण १९४०मध्ये सिनेसाउंडने चित्रपट काढणे थांबवले. मोठ्या नाट्यगृहांत बहुधा परदेशी यशस्वी नाटकांचेच प्रयोग, आणि प्रमुख भूमिकांना नट बाहेरून आणलेले. उरली ती श्रुतिका. एबीसी या सरकारी नभोवाणीवर लॉरेन्स सेसिल या निर्मात्याने फिंचला हाताशी धरून शिकवले. मुलांच्या कार्यक्रमापासून शेक्सपिअरपर्यंत सगळे त्याने मायक्रोफोनसमोर केले. १९४६ आणि १९४७ अशी लागोपाठ दोन वर्षे उत्कृष्ट रेडिओ नटाचा मॅक्वारी पुरस्कार त्याच्याकडे गेला.

मायक्रोफोनची शिकवण वेगळी असते. तंबूत शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचवावा लागतो. इथे घरात एकटाच बसलेला एक श्रोता असतो. त्याच्या कानाशी बोलायचे असते आणि तिथे खोटे बोललेले ताबडतोब उघडे पडते. फिंचच्या बोलण्यात शब्दाआधी येणारी एक बारीकशी थांबण्याची जागा आहे. हा माणूस पाठ केलेले म्हणत नाही, त्याला हे आत्ता सुचते आहे, असे वाटायला लावणारी. माझ्या मते ती त्याला सिडनीच्या स्टुडिओंनी दिली.

मध्ये युद्ध झाले. १९४१मध्ये तो सैन्यात भरती झाला, मध्यपूर्वेत गेला, मग डार्विनला विमानवेधी तोफेवर होता. नंतर सैनिकांसाठी नाटके बसवण्याचे काम आले. १९४५मध्ये टेरेन्स रॅटिगनची दोन नाटके घेऊन तो छावण्या आणि इस्पितळे हिंडला. युद्धातून बाहेर पडल्यावर १९४६मध्ये त्याने सिडनी जॉन के, अ‍ॅलन अ‍ॅशबोल्ट आदी मित्रांबरोबर ‘मर्क्युरी थिएटर’ काढले. हातात पैसा नाही, नाट्यगृह नाही. मग त्यांनी घडीचा रंगमंच घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत कारखान्यांमध्ये प्रयोग सुरू केले.

१९४८ साली लॉरेन्स ऑलिव्हिए आणि व्हिव्हियन ली ‘ओल्ड व्हिक’चा संच घेऊन ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर आले. राजेरजवाड्यांसारखे त्यांचे स्वागत झाले. सिडनीत हे दोघे ओब्रायन यांच्या काच कारखान्यात मर्क्युरीचा दुपारचा प्रयोग पाहायला गेले. नाटक मोलिएरचे, आजारपणाचे वेड लागलेल्या म्हाताऱ्याचे. म्हातारा झाला होता एकतीस वर्षांचा फिंच. समोर डबे उघडून बसलेले कामगार. प्रयोग पाहून ऑलिव्हिएने त्याला लंडनला यायचे सुचवले. त्याच वर्षाच्या अखेरीस फिंच पत्नी तमारा हिच्यासह निघाला.

ही गोष्ट नेहमी परीकथेसारखी सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. पण मला तिची दुसरी बाजू खुपते. मर्क्युरी काढणाऱ्या मंडळींची धडपड अशी होती, की ऑस्ट्रेलियात ऑस्ट्रेलियन नटाला जगता यावे, नाट्यगृहाची पायरी कधी न चढलेल्या माणसापर्यंत चांगले नाटक जावे. ते स्वप्न प्रत्यक्षात उतरत असतानाच, त्याच प्रयोगातून त्यांचा सर्वांत गुणी नट उचलला गेला. फिंचला दोष कसा द्यायचा? राहिला असता तर श्रुतिका वाचत म्हातारा झाला असता. तिकडची परिस्थिती काय होती, याचा एकच दाखला देतो. रे लॉलरचे ‘समर ऑफ द सेव्हन्टीन्थ डॉल’ हे १९५५चे नाटक म्हणजे ऑस्ट्रेलियन रंगभूमीला स्वतःचा आवाज देणारे. १९५९मध्ये त्यावर चित्रपट निघाला. क्वीन्सलँडच्या ऊसतोडणी कामगारांच्या भूमिका कुणी केल्या? अमेरिकेच्या अर्नेस्ट बोर्गनाइनने आणि इंग्लंडच्या जॉन मिल्सने!

लंडनमध्ये फिंचचे पहिले पाऊल झोकात पडले. १९४९मध्ये जेम्स ब्रायडीच्या ‘डॅफ्नी लॉरिओला’ या नाटकात तो एडिथ इव्हान्ससमोर उभा राहिला. १९५१मध्ये ऑर्सन वेल्सच्या ऑथेल्लोसमोर इयागो, पुढच्या वर्षी मर्क्युशिओ. आणि इथेच एक विचित्र गोष्ट सुरू झाली. तंबूत, छावणीत, कारखान्यात बिनधास्त उभा राहणारा हा नट लंडनच्या रंगमंचावर जायला घाबरू लागला. रंगमंचाच्या भीतीने त्याला ग्रासले. हळूहळू तो नाटकापासून दूर सरकला आणि चित्रपटांत रमला. अधूनमधून परतायचा. १९६४मध्ये चेकॉव्हच्या ‘सीगल’मध्ये त्याने ट्रिगोरिन केला. पण ज्याच्यासाठी ऑलिव्हिएने त्याला नेले, ती रंगभूमी त्याची झाली नाही.

त्याच्या खासगी आयुष्याबद्दल पुष्कळ छापून आले आहे. तीन लग्ने, दारू आणि ज्याने बोट धरून आणले त्याच्याच पत्नीशी, व्हिव्हियन लीशी, प्रेमप्रकरण. १९५३च्या सुरुवातीला ‘एलिफंट वॉक’ या चित्रपटासाठी दोघे सिलोनमध्ये होते. तिथे व्हिव्हियनचे मानसिक स्वास्थ्य ढासळले आणि तिच्या जागी एलिझाबेथ टेलर आली. मला त्या प्रकरणातले एवढेच लक्षात राहते, की त्याच वेळी जॉर्ज फिंच पुण्यात प्रयोगशाळेच्या कामात गढलेले होते. एकाच आडनावाची दोन माणसे, एकाच उपखंडाच्या दोन टोकांना.

१९५६च्या ‘अ टाऊन लाइक अ‍ॅलिस’मध्ये तो मलायात जपान्यांच्या कैदेत सापडलेला ऑस्ट्रेलियन सैनिक झाला आणि ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार मिळवता झाला. असे पाच पुरस्कार पुढे त्याच्या नावावर लागले. पण त्या काळातला मला भिडणारा चित्रपट म्हणजे १९५७चा ‘द शिराली’. कंपनी इंग्लंडची, पण चित्रीकरणासाठी फिंच ऑस्ट्रेलियात आला होता. पाठीवर वळकटी टाकून कामासाठी गावोगाव भटकणाऱ्या मजुराची ही कथा. एकदा तो घरी येतो तर बायको दुसऱ्या पुरुषाबरोबर. रागाच्या भरात तो आपल्या लहान मुलीला उचलतो आणि चालू लागतो. बायकोवर सूड म्हणून उचललेली पोर! ती त्याला ओझे वाटते. ‘शिराली’चा अर्थच मुळी पाठीवरचे ओझे. मग मैलामैलाला तो बदलत जातो. आता जॉर्ज फिंच, त्यांची पत्नी आणि फ्रान्समध्ये आजीकडे धाडलेले ते पोर आठवा. फिंच या चित्रपटात मुलीकडे बघतो ते आधी तिरसटपणे, नजर चुकवत. चालता चालता तिच्यासाठी पावलांचा वेग कमी करतो, तेही नकळत. ‘मला तू हवी आहेस’ असे म्हणायला त्याला सगळा चित्रपट लागतो. जॉर्ज यांनी सोडून दिलेली वाट हा पडद्यावरचा बाप शेवटपर्यंत चालतो.

१९६०मध्ये त्याने ऑस्कर वाइल्डची भूमिका केली. समलिंगी संबंध इंग्लंडमध्ये तेव्हा गुन्हा होता. अशी भूमिका म्हणजे नटाने आपल्या नावावर ओढवून घेतलेली जोखीमच. अकरा वर्षांनी, १९७१मध्ये, जॉन श्लेसिंजरच्या ‘संडे ब्लडी संडे’त तो पुन्हा त्या वाटेने गेला. लंडनमधला एक ज्यू डॉक्टर, मध्यमवयीन, सुसंस्कृत. एका तरुणावर त्याचे प्रेम आहे. तोच तरुण एका स्त्रीवरही प्रेम करतो. शेवटी तो दोघांनाही सोडून निघून जातो. मी हा चित्रपट फिल्म सोसायटीच्या खेळात पहिल्यांदा पाहिला, तेव्हा त्याचा शेवट कळायला मला जरा वेळ लागला. डॉक्टर अचानक कॅमेऱ्याकडे वळतो आणि थेट आपल्याशी बोलू लागतो. आवाज चढत नाही, डोळ्यांत पाणी नाही. जे मिळाले ते अपुरे होते, पण ते होते, असे काहीसे तो समजावून सांगतो. सभागृहातल्या प्रत्येकाला वाटावे, हा माझ्याशीच बोलतो आहे. हीच ती मायक्रोफोनची विद्या. फिंचची सर्वांत श्रेष्ठ भूमिका कोणती, या वादात माझे मत या डॉक्टरला.

जग मात्र त्याला ओळखते ते ‘नेटवर्क’मुळे. १९७६चा हा चित्रपट, लेखक पॅडी चायेफ्स्की, दिग्दर्शक सिडनी लुमेट. हॉवर्ड बील हा दूरचित्रवाणीवरचा वृत्तनिवेदक. प्रेक्षक घटले म्हणून त्याला काढून टाकायचे ठरते. तेव्हा तो बातम्या देता देताच आत्महत्येची घोषणा करतो आणि त्यामुळे एकदम लोकप्रिय होतो! कंपनी त्याच्या वेडाचा धंदा मांडते. बातम्यांच्या वाहिन्यांवरचा आजचा आरडाओरडा ऐकणाऱ्याला हा चित्रपट पन्नास वर्षांपूर्वीचा आहे, हे सांगूनही पटणार नाही. अमेरिकन निवेदकाच्या या भूमिकेसाठी फिंच तिथल्या निवेदकांच्या ध्वनिफिती तासन्‌तास ऐकत बसला. सिडनीच्या स्टुडिओत लागलेली सवय.

पावसात भिजून, पायजम्यावर रेनकोट चढवून बील स्टुडिओत येतो आणि सगळ्या देशाला खिडक्या उघडून ओरडायला सांगतो, तो प्रसंग अनेकांना ठाऊक असेल. तो पूर्ण ताकदीने करताना साठीला आलेल्या फिंचची दमछाक झाली. लुमेटने सांगितले आहे, की दुसऱ्या टेकला तो अर्ध्यावरच थांबला. पुन्हा करायला लावण्याची दिग्दर्शकाची छाती झाली नाही. चित्रपटात आपण पाहतो ते या दोन टेकचे जोडकाम आहे. फिंचचे हृदय तेव्हाच कमकुवत झालेले होते.

चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी त्याने मुलाखतींचा सपाटा लावला. १४ जानेवारी १९७७च्या सकाळी अशाच एका मुलाखतीसाठी लुमेटबरोबर निघायचे होते. बेव्हर्ली हिल्स हॉटेलच्या दिवाणखान्यात त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातच तो गेला. २८ मार्चला ऑस्कर जाहीर झाले. फिंचच्या वतीने पुरस्कार स्वीकारायला चायेफ्स्की व्यासपीठावर आला. पण त्याने प्रेक्षकांतून फिंचची पत्नी इलीथा हिला हाक मारून वर बोलावले. बाहुली तिच्या हातात गेली. अभिनयाचे ऑस्कर मरणोत्तर मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर असा योग आला २००९मध्ये, हीथ लेजरच्या वाट्याला. तोही ऑस्ट्रेलियन, पर्थचा.