पुतळ्या दिल्या, प्रश्नही विचारले



२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. सीमेवर लढाई पेटली होती, टीव्हीवर दिवसभर तेच चाललं होतं. आमच्या भागातल्या एका गावात बैठक होती. गटातल्या एका ताईंनी उठून विचारलं, "आठ दिवस झाले टँकर नाही. कुणाला सांगायचं?" मागून एक जण म्हणाले, "तिकडे जवान लढतायत आणि तुम्हाला पाण्याचं पडलंय!" ताई खाली बसल्या. त्यांचा सख्खा भाचा फौजेत आहे, हे त्या माणसाला माहीत नसावं.

घरी येताना मला माझ्या आजीची आठवण झाली. आजीच्या गळ्यात पुतळ्यांची माळ होती, पण दोन ठिकाणी नुसते मणी ओवलेले. लहानपणी विचारलं तर म्हणायची, "त्या दोन चीनच्या लढाईत गेल्या."

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला. २६ ऑक्टोबरला देशात आणीबाणी जाहीर झाली. ही आणीबाणी १९७५ ची नव्हे बरं का, तिच्या आधीची. ती जानेवारी १९६८ पर्यंत उठली नाही. लढाई महिनाभराची, आणीबाणी पाच वर्षांहून जास्त! संरक्षण निधीसाठी गावोगाव मदत गोळा होत होती. बायकांनी बांगड्या दिल्या, कुड्या दिल्या, काहींनी मंगळसूत्रातले मणी दिले. आजीने दोन पुतळ्या दिल्या.

तेव्हा सगळे गप्प होते का? नाही. लढाई चालू असतानाच संसदेचं अधिवेशन लवकर बोलवा, अशी मागणी अटलबिहारी वाजपेयींनी केली. ते तेव्हा तरुण खासदार होते. पंतप्रधान नेहरूंनी मागणी मानली आणि नोव्हेंबरात अधिवेशन भरलं. तयारी का नव्हती, जवानांना थंडीचे कपडे का नव्हते, असे प्रश्न उघड विचारले गेले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं, आणि त्यासाठी जोर लावणाऱ्यांत त्यांच्याच काँग्रेस पक्षाचे खासदार होते. त्यांच्या जागी आपले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं लोक अजून म्हणतात.

इथे आपलं नाशिक येतं. यशवंतरावांना लोकसभेत जागा हवी होती. १९६३ मध्ये ते नाशिकमधून निवडून आले, तेही बिनविरोध. लढाईच्या दिवसांत संरक्षणमंत्र्याविरुद्ध उभं राहायचं नाही, असं विरोधकांनी ठरवलं. नाशिककर ही गोष्ट अभिमानाने सांगतात, मीही सांगते. पण माझं मन त्यात थोडं अडकतं. आपल्या गटात अध्यक्ष बिनविरोध निवडतो तेव्हा बरं वाटतं, पण त्या वर्षी वहीकडे जरा जास्त लक्ष द्यावं लागतं. हो ना?

वही उघडायची वेळ लवकरच आली, आणि ती सोन्यावरून आली. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणलं. नवा दागिना १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचा करायचा नाही. म्हणजे चोवीस भागांत चौदा भाग सोनं आणि दहा भाग दुसरा धातू. आपल्याकडे चालत आलेला दागिना बावीस कॅरेटचा. सरकारचं म्हणणं असं, की चोरट्या मार्गाने येणाऱ्या सोन्यावर देशाचं परकीय चलन जातं आणि ते शस्त्रांसाठी हवं आहे. कारण खोटं नव्हतं. पण नियम करताना सोनाराच्या भट्टीचा विचार झाला नाही, आणि बाईच्या गळ्याचा तर मुळीच नाही. बँकेत खातं नसलेल्या बाईचं सोनं म्हणजे मिरवायची वस्तू नव्हे. पेरणी बुडाली, नवरा आजारी पडला, तर गहाण टाकायचा तोच आधार. दहा भाग दुसरा धातू असलेल्या दागिन्यावर सावकार किती देणार?

आजीच्या नणंदेचं लग्न त्याच उन्हाळ्यात होतं. बाजाराच्या दिवशी आजी सासऱ्यांबरोबर सोनाराकडे गेली, तर त्याची फुंकणी कोपऱ्यात पडलेली. तो म्हणाला, "वहिनी, तुमचं काम केलं तर मी तुरुंगात जाईन, आणि नाही केलं तर पोरं उपाशी राहतील." पुढे तो द्राक्षाच्या मळ्यात मजुरीला गेला. देशभरात लाखो सोनारांचं काम गेलं, आत्महत्येच्याही बातम्या आल्या. सोनारांनी मोर्चे काढले, संसदेत टीका झाली. आणीबाणी चालू होती, चीनचं सैन्य सीमेपलीकडे होतं, तरी टीका झाली. म्हणून त्याच वर्षी जुने दागिने मोडून पुन्हा करायला सूट मिळाली, आणि १९६६ मध्ये १४ कॅरेटची अट गेली. सुवर्ण नियंत्रणाचा कायदा मात्र थेट १९९० मध्ये रद्द झाला.

त्याच साली सक्तीची बचत आली. शेतसारा भरणाऱ्यापासून पगारदारापर्यंत सगळ्यांनी सरकारकडे ठेव ठेवायची. बचतीचं महत्त्व आपल्याला कुणी शिकवायला नको, पण आपण रक्कम बैठकीत बसून ठरवतो. इथे कुणी विचारलंच नव्हतं. ओरड झाली आणि काही महिन्यांतच ही योजना बहुतेकांसाठी मागे घ्यावी लागली. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानी यांनी सरकारवर पहिला अविश्वास ठराव आणला. त्या चर्चेत राममनोहर लोहिया म्हणाले, की देशातली २७ कोटी माणसं दिवसाला तीन आण्यांवर जगतात. आकड्यावरून मोठा वाद झाला. ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला. पण गरिबाच्या ताटात काय आहे, याची मोजणी त्या आणीबाणीत संसदेत झाली.

सगळ्यांनाच बोलता आलं असं मात्र नाही. आपल्या शेजारच्या ठाणे जिल्ह्यात वारल्यांची वेठबिगारी मोडण्यासाठी झटलेले शामराव आणि गोदावरी परुळेकर यांना खटल्याशिवाय तुरुंगात ठेवलं. चीनबद्दल त्यांच्या पक्षाच्या गटाची भूमिका काय, यावर सरकारला संशय होता. शामराव १९६५ मध्ये तुरुंगातच वारले. संशय खरा की खोटा, ते न्यायालयात कधी ठरलंच नाही. ते आत असताना वारल्यांच्या जमिनीबद्दल कोण बोलणार होतं?

नाशिकचा एक माणूस बोलला. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड, काळाराम मंदिर सत्याग्रहात बाबासाहेबांचे सहकारी. ६ डिसेंबर १९६४ ला त्यांनी भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू केला. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, धान्य रास्त भावात द्या, अशा मागण्या होत्या. आणीबाणी तेव्हाही होतीच. हजारो माणसं तुरुंगात गेली, त्यात लेकुरवाळ्या बायाही होत्या. काही महिन्यांनी, १९६५ मध्ये, पाकिस्तानशी लढाई झाली. तेव्हा याच वस्त्यांमधली पोरं फौजेत होती.

हे सगळं मी पुढच्या बैठकीत सांगितलं. मागे बसणारे ते गृहस्थ होतेच. म्हणाले, "पण शत्रू ऐकतो ना!" त्यांचं सगळंच चुकीचं आहे असं नाही. फौज कुठून निघाली, कुठे पोचली, हे मोबाईलवर टाकायचं नसतं, अफवा पुढे ढकलायच्या नसतात. यावर फौजेत भाचा असलेल्या ताई या वेळी बसूनच म्हणाल्या, "भाऊ, फौज कुठे आहे ते मी विचारलंच नव्हतं. टँकर कुठे आहे ते विचारलं होतं."

सगळे हसले, तेही हसले. टँकर तोवर येऊन गेला होता. अकराव्या दिवशी, आणि तोही अर्धा.